चाळीस ग्रॅम म्हणजे किती कडू?

प्रश्न: मी घरी २० लिटरची पेल एल (फिक्या रंगाची बिअर) करतो. सुरुवातीची घनता १.०५०, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) फक्त कॅस्केड जातीचे. ६० मिनिटं उकळायला ४० ग्रॅम, शेवटची १५ मिनिटं उरली की २० ग्रॅम आणि गॅस बंद करताना ३० ग्रॅम. रेसिपीत कडूपणा ३२ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) दिलाय. प्रत्यक्षात बिअर इतकी कडू होते की दुसरा ग्लास नको वाटतो आणि ग्रेपफ्रूटसारखा वास म्हणतात तो जेमतेम येतो. रेसिपीत हॉप्समधलं अल्फा ॲसिड, म्हणजे कडूपणा देणारं आम्ल, ५.५ टक्के धरलंय, माझ्या पाकिटावर ७.२ आहे. थंड करायची कॉइल नसल्यामुळे गॅस बंद केल्यावर मी भांडं झाकून तसंच ठेवतो. तिन्ही वेळचे हॉप्स थोडे थोडे कमी करू का?

उत्तर: नका करू. कडूपणा थोडा उतरेल, पण जेमतेम येणारा वासही जाईल. तीन वेळा घातलेले हॉप्स तीन वेगळ्या कामांना असतात, त्यामुळे सगळ्यांना एकच कात्री लावून भागत नाही.

आधी ६० मिनिटांचे घ्या. इथे हॉप्स कुठले याला फार महत्त्व नाही, तासभराच्या उकळीत वास वाफेबरोबर निघून जातो. मागे उरतं अल्फा ॲसिड. उकळीत त्याची रचना बदलते, ते वर्टमध्ये, म्हणजे बिअर होण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यात, विरघळतं आणि आपल्याला कडू लागतं. म्हणून इथे ग्रॅम नाही, ॲसिड मोजायचं. ४० ग्रॅमना ५.५ टक्क्यांनी २.२ ग्रॅम ॲसिड मिळतं, तुमच्या ७.२ टक्क्यांनी जवळपास २.९. तेवढंच २.२ हवं असेल तर ४० गुणिले ५.५ भागिले ७.२, म्हणजे साधारण ३० ग्रॅम पुरतात. कॅस्केडचं अल्फा पिकागणिक बदलतं. रेसिपी लिहिणाऱ्याने त्याच्या हातातलं पाकीट धरलं होतं, तुमचं नव्हे.

कडूपणाचा अंदाज देणाऱ्या टिनसेथच्या सूत्राने हिशेब मांडला तर १.०५० घनतेच्या वर्टमध्ये तासाभरात सुमारे २३ टक्के अल्फा कामी येतं, १५ मिनिटांत साडेअकरा टक्के. म्हणजे तुमच्या पाकिटाने पहिल्या दोन वेळांतच ३२ ऐवजी ४१ आयबीयूंची मजल गाठली.

पण खरा घोटाळा त्या झाकलेल्या भांड्यात आहे. गॅस बंद झाला म्हणून ॲसिडचं काम थांबत नाही. २० लिटर वर्ट झाकून ठेवलं तर बराच वेळ ९० अंशांच्या वर राहतं, आणि ९० अंशांनाही कडूपणा उकळीच्या सुमारे ४० टक्के वेगाने तयार होत राहतो. रेसिपीकर्त्याने ते शेवटचे ३० ग्रॅम बहुधा शून्य आयबीयूचे धरलेत, कारण त्याचं वर्ट लगेच थंड होत असणार. तुमच्याकडे त्यांनी आणखी आठ-दहा आयबीयू तरी दिले. १५ मिनिटांवाले २० ग्रॅमही त्या वेळात आणखी शिजत राहिले, ते वेगळंच. एकूण पन्नाशी गाठलीत. १.०५० च्या बिअरला ५० आयबीयू झेपत नाहीत असं नाही, पण मग तिला पेल एल म्हणून कुणाला देऊ नका.

आता माझा सल्ला. ६० मिनिटांना ३० ग्रॅम. १५ मिनिटांचे हॉप्स रद्द. पेल एलमध्ये मला ते कधीच पटलेले नाहीत, कडूपणा अर्धवट आणि वासही अर्धवट. गॅस बंद केल्यावर हॉप्स लगेच टाकू नका. भांडं थंड पाण्याच्या टबात ठेवा, स्वच्छ पळीने ढवळत तापमान ८० अंशांवर आणा आणि मग ५० ग्रॅम घाला. २० मिनिटं थांबा, नंतर टबातलं पाणी बदलत जमेल तितक्या लवकर थंड करा. ८० अंशांना कडूपणाचा वेग उकळीच्या सहाव्या हिश्श्यावर येतो, शिवाय वासाची तेलं बरीचशी टिकतात. हे सगळं मिळून ३० आयबीयूंच्या आसपास बसेल.

या ५० ग्रॅमना मात्र अल्फाचं गणित लावू नका. पाकिटावर ७.२ आहे म्हणून इथलं वजन घटवलंत तर वास घटेल. इथे पाकीट फोडून नाकाशी धरा. दोन गोळ्या बोटांत चुरडा. लिंबूवर्गीय, फुलांसारखा वास उठला तर ठीक. चीज किंवा घामट मोज्यांचा आला तर ते हॉप्स जुने झालेत, कितीही घातले तरी उपयोग नाही. उघडलेलं पाकीट हवा काढून फ्रीझरमध्येच ठेवायचं.

प्रश्न: कॅस्केड संपलं. त्याच वजनात सिट्रा जातीचं हॉप चालेल?

उत्तर: कडूपणाला नाही. सिट्राचं अल्फा १२ टक्क्यांच्या घरात असतं, तेव्हा ४० ग्रॅमच्या जागी १८ पुरतात. वासासाठी चालेल, पण बिअर आंब्या-पॅशनफ्रूटकडे झुकेल. पहिल्यांदा दोन तृतीयांश वजनाने सुरुवात करा.

प्रश्न: ड्राय हॉपिंग केलं, म्हणजे उकळीत न घालता आंबणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स टाकले. ६० ग्रॅम हॉप्स बाटल्या भरेपर्यंत फर्मेंटरमध्येच (आंबवायच्या भांड्यातच) होते, जवळपास दोन आठवडे. बिअरला ओल्या गवताची चव आली आणि बाटल्या उघडताना फेस उसळून बाहेर येतो. बाटल्या नीट धुतल्या नसतील का?

उत्तर: धुलाई एकदा तपासा, पण माझा संशय हॉप्सवर जास्त आहे. २० लिटरला ६० ग्रॅम अगदी योग्य, वेळ मात्र फार. वासातला बराचसा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरतो. त्यानंतर पानांची तुरट, हिरवट चव येत राहते.

उसळणाऱ्या फेसाचं कारण असं की हॉप्समध्ये थोडी एन्झाइम असतात. यीस्टला न पचलेल्या लांब साखरा ती तोडतात, आणि झोपी गेलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. हे अर्ध्यावर असताना बाटल्या भरल्या तर उरलेला वायू बाटलीतच तयार होतो. आता आहेत त्या बाटल्या आधी फ्रिजमध्ये ठेवा, जाड कापडात गुंडाळून हाताळा आणि लवकर संपवा. काच फुटू शकते.

पुढच्या वेळी फर्मेंटेशन संपत आलं की हॉप्स घाला, झाकण कमीत कमी वेळ उघडं राहू द्या, तिसऱ्या दिवशी हॉप्स काढा किंवा बिअर गाळापासून वेगळी करा. मग हायड्रोमीटरने घनता मोजा. दोन दिवसांनी परत मोजा. आकडा खाली गेलेला दिसला तर आंबणं अजून चालू आहे, बाटल्या भरायचा बेत पुढे ढकला.