एका सामुद्रधुनीची दोन नावे

प्रश्न : वडोदऱ्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दोन नकाशासंग्रह शेजारी ठेवून पाहताना, सखालीन बेट आणि आशियाची मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्राला एकात ‘नेवेल्स्कॉय’, तर दुसऱ्यात ‘मामिया’ असे नाव दिसले. उत्तरेकडील समुद्र रशियनांनी शोधले आणि जपान त्या काळी दारे लावून बसला होता, असेच आम्ही शाळेत शिकलो. मग जपानी माणूस तेथे आधी कसा पोहोचला? आणि पोहोचला असेल, तर ते जगाला का कळले नाही?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : दारे लावली होती, हे खरे, पण उत्तरेची खिडकी किलकिली होती. १६३० च्या दशकात जपानी प्रजेला परदेशी जाण्यास बंदी झाली आणि खोल समुद्रात जाणारी मोठी जहाजे बांधण्यावरही निर्बंध आले. रशियाचे याउलट होते. रशियन आरमारातील दर्यावर्दी बेरिंग याच्या दोन मोहिमा (१७२५–३० आणि १७३३–४३) सरकारी खर्चाने निघाल्या. दुसऱ्या मोहिमेतले लोक समुद्री ऑटरची (सागरी पाणमांजराची) कातडी घेऊन परतल्यावर तर व्यापाऱ्यांची रीघच लागली, कारण चिनी व्यापारी या कातड्यांना उत्तम भाव देत. हे रशियन व्यापारी कामचात्का द्वीपकल्प आणि जपान यांच्यामधल्या कुरील बेटांवरून एकेक पायरी उतरत दक्षिणेला येऊ लागले, तेव्हा एदोतील (आजच्या टोकियोतील) शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, याच्या कारभाऱ्यांना जाग आली आणि १७८५ मध्ये त्यांनी पहिले सर्वेक्षक उत्तरेकडे पाठवले. रशियनांना उत्तरेकडे फर ओढत होती, जपान्यांना भीती ढकलत होती. दोघांच्या मोहिमांमधले बरेचसे फरक यातूनच समजतात.

आता सखालीनकडे वळू. ते बेट आहे की द्वीपकल्प, या प्रश्नावर युरोपातले तीन नामांकित दर्यावर्दी चुकले. १७८७ मध्ये फ्रेंच कप्तान ला पेरूझ दक्षिणेकडून आत शिरला. किनाऱ्यावरच्या एका वृद्धाने भाल्याच्या टोकाने वाळूत मुख्य भूमी काढली, तिच्यासमोर आपले बेट काढले आणि मधून वाट आहे असे दाखवले. वाळूतल्या रेघा पुसू लागल्या, तेव्हा दुसऱ्या एकाने कागद-पेन्सिल घेऊन तोच नकाशा पुन्हा काढून दिला. तरीही पुढे तळ वर येत चालला, तसा ला पेरूझ माघारी फिरला. १७९७ मध्ये इंग्रज ब्रॉटन त्याच्याहून थोडा पुढे जाऊन परतला. १८०५ मध्ये रशियाचा क्रुझेनस्टर्न उत्तरेकडून आला. त्याला उथळ आणि जवळजवळ गोडे पाणी लागले. आमूर नदीचे मुख जवळ आहे हे त्याने बरोबर ओळखले, पण सखालीन मुख्य भूमीला जोडलेले आहे, हा निष्कर्ष चुकीचा काढला. ज्या वडोदरेकरांनी कावी-कंबोईला ओहोटीच्या वेळी स्तंभेश्वराचे दर्शन घेतले आहे, त्यांना ही चूक समजायला जड जाऊ नये: नदीच्या मुखाशी गाळ साचलेला असला, की समुद्र कुठे संपला आणि जमीन कुठे सुरू झाली, हे खोल तळाच्या जहाजावरून कळत नाही. शिवाय जहाज रुतले तर सोडवायला जवळपास कोणी नव्हते.

जपानी सर्वेक्षक मामिया रिंझोकडे असे जहाज नव्हते, आणि माझ्या मते तेच त्याच्या पथ्यावर पडले. हा शेतकऱ्याचा मुलगा. भूमापन त्याने इनो तादाताका या जपानच्या थोर सर्वेक्षकाकडून शिकले होते. १८०८ मध्ये सरकारी अधिकारी मात्सुदा देन्जुरो आणि तो सखालीनवर उतरले. मात्सुदाने पश्चिम किनारा धरला आणि सखालीन बेटच असावे, असा त्याचा ग्रह झाला. १८०९ मध्ये मामिया पुन्हा एकटा आला, स्थानिक होडीतून अरुंद भाग ओलांडून उत्तरेला इतका पुढे गेला की समोर समुद्र मोकळा झाला. मग चीनच्या मांचू राजवटीला खंडणी भरण्यासाठी निघालेल्या एका निवख (तेथील मूळ रहिवासी जमातीच्या) गावप्रमुखाच्या होडीत बसून तो पलीकडच्या किनाऱ्यावर उतरला आणि आमूरकाठच्या देरेन या मांचू ठाण्यापर्यंत पोहोचला. तेथे लोक कातडी देऊन रेशमी कापड घेत. तेच कापड हातोहात सखालीनमार्गे जपानात येई. म्हणजे जपानी सरकारने ज्या वाटेचा शोध लावला, ती वाट निवख आणि आयनू या तेथील मूळ रहिवाशांच्या रोजच्या व्यवहारातली होती. ‘शोध’ हा शब्द येथे जरा जपूनच वापरावा.

हे जगाला का कळले नाही, याचे उत्तर सरळ आहे. क्रुझेनस्टर्नचा प्रवासवृत्तान्त छापून युरोपभर वाचला गेला, तर मामियाचे नकाशे सरकारी दप्तरात गेले. जपानात नकाशा परक्याच्या हाती देणे हा गुन्हा होता. शोगुनचा खगोल-अधिकारी ताकाहाशी कागेयासू याने तो केला, आणि कशासाठी, तर क्रुझेनस्टर्नच्याच ग्रंथासाठी! डचांच्या नोकरीतला जर्मन डॉक्टर सिबोल्ट याच्याकडे तो ग्रंथ होता. त्याच्या बदल्यात ताकाहाशीने नकाशांच्या नकला दिल्या. १८२८ मध्ये हे उघडकीस आले, आणि पुढच्याच वर्षी ताकाहाशी तुरुंगात वारला. सिबोल्टने पाठवलेले एक पुडके मामियाने न उघडता वरिष्ठांकडे सोपवले होते, हे प्रकरणाचे निमित्त मानले जाते. हद्दपार झालेल्या सिबोल्टने पुढे युरोपात छापलेल्या नकाशावर या सामुद्रधुनीला नाव दिले, ते मात्र मामियाचेच.

रशियन कप्तान नेवेल्स्कॉय १८४९ मध्ये ‘बायकाल’ जहाज घेऊन आला आणि समुद्रातून आमूरमध्ये जहाजे शिरू शकतात, हे त्याने खोली मोजून सिद्ध केले. रशियाने ही गोष्ट गुप्त ठेवली. क्रिमियन युद्धात, १८५५ मध्ये, ब्रिटिश आरमाराला रशियन जहाजे याच सामुद्रधुनीच्या काठच्या दे-कास्त्रीच्या उपसागरात सापडली. उत्तरेला वाट नाही या समजुतीने ब्रिटिश दक्षिणेकडे पाहत राहिले आणि रशियन जहाजे उत्तरेकडून निघून गेली. सिबोल्टचा नकाशा छापून तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

प्रश्न : रशियन आणि जपानी पहिल्यांदा एकमेकांशी बोलले तरी कोणत्या भाषेत?
— एक वाचक, अलकापुरी, वडोदरा

उत्तर : वादळात भरकटलेल्या खलाशांच्या तोंडून. देन्बेई नावाचा असा एक जपानी कामचात्कात रशियनांना सापडला. १७०२ मध्ये त्याला पीटर द ग्रेटसमोर उभे केले गेले आणि रशियनांना जपानी शिकवण्याच्या कामाला लावले गेले. दाइकोकुया कोदायू १७८३ मध्ये अल्यूशन बेटांवर जाऊन पडला, रशियाभर फिरला, सम्राज्ञी कॅथरीनला भेटला आणि १७९२ मध्ये जपानला निघालेल्या लाक्समानच्या रशियन मोहिमेबरोबर परतला. शोगुनसमोर त्याची चौकशी झाली, तेव्हा रशियात कोणा जपान्याचे नाव माहीत आहे काय, असे त्याला विचारले. त्याने दोन नावे सांगितली, त्यांतले एक कात्सुरागावा होशू या वैद्याचे होते. त्या चौकशीची नोंद लिहून घ्यायला तेथे बसला होता, तो कात्सुरागावा होशूच.