राजकीय बीटच माग

तुझं पत्र वाचलं. तुला राजकीय वार्ताहर व्हायचंय. पण इंटर्नशिपमध्ये एक ज्येष्ठ पत्रकार म्हणाले, ‘बातमी ही बातमी असते, त्यात बाई-पुरुष कुठून आले?’ आणि लगेच महिला दिनाची पुरवणी तुझ्याकडे सोपवली. आता पत्रकारिता करू की लिंगभाव अभ्यासाकडे वळू, असं तू विचारतेस.

पत्रकारिताच कर, आणि बीट, म्हणजे बातम्यांचं नेमून दिलेलं क्षेत्र, राजकीयच माग.

त्या ज्येष्ठांसारखं अनेक राजकीय पत्रकार मनापासून मानतात. ज्याच्या हाती सत्ता, त्याला विचारायचं. मग तो कोणीही असो. पण डेडलाइन अंगावर आली की फोन जातो तो लगेच उचलणाऱ्या, दोन वाक्यांत नेमकं बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाला. हेतू वाईट नसतो, तरी नावं वर्षानुवर्षं तीच राहतात. जगभरच्या बातम्या मोजणाऱ्या जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पात १९९५ साली बातम्यांतल्या माणसांमध्ये स्त्रिया १७ टक्के होत्या. २०२० मध्येही २५च. जात, धर्म, भाषेने अल्पसंख्य असलेल्यांचीही यादीत हीच गत होते.

बीबीसीने २०१७ मध्ये एका कार्यक्रमापासून पडद्यावरच्या स्त्री-पुरुषांची मोजणी सुरू केली. पंतप्रधानांसारखी टाळता न येणारी माणसं सोडून, ज्यांची निवड पत्रकाराच्या हातात असते तेवढेच विश्लेषक आणि पाहुणे मोजायचे. काही महिन्यांत तिथे स्त्रिया निम्म्यावर आल्या. ‘सत्तेतच पुरुष जास्त, आम्ही काय करणार’ याला मला हे सर्वांत चोख उत्तर वाटतं.

कोणाला विचारायचं हे मोजता येतं, पण बातमीकडे कोणत्या नजरेनं पाहायचं हा प्रश्न अवघड आहे. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी संसदेत स्त्रीद्वेषाविरुद्ध भाषण केलं. संसदेचं वार्तांकन करणाऱ्या अनेकांना त्यात अडचणीतल्या सभापतींचा बचाव दिसला. बाहेर जगभरच्या बायकांना आपलाच अनुभव ऐकू आला. सभापतींना हटवण्याचा ठराव त्या दिवशी खरोखरच सभागृहासमोर होता. म्हणजे पहिली बातमी खोटी नव्हती, अपुरी होती. दोन्ही बाजू एकाच बातमीत मांडू शकणारा वार्ताहर मला तुझ्यात दिसतो.

म्हणून लिंगभाव अभ्यासाचा एखादा पेपर जरूर घे, पण सभागृहाचे नियम आणि अर्थसंकल्प वाचायला आधी शिक. पुरवणी नाकारू नकोस. त्याच आठवड्यात एक राजकीय बातमीही डेस्ककडे दे. आणि अर्थ, संरक्षण, कायदा या विषयांवर बोलू शकणाऱ्या स्त्रियांचे नंबर आजपासून जमवायला लाग. डेडलाइनच्या दिवशी ते शोधायला वेळ मिळत नाही.