क्राकुवचं वावेल कॅथेड्रल : छोट्या ग्रुपची टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

तुम्ही विचारलंय की आई-बाबांना घेऊन पोलंडमधल्या क्राकुवला दोन दिवस आहात, वावेल टेकडीवरचं ते राजेलोकांचं कॅथेड्रल बघायचंय, तर छोट्या ग्रुपची गाईडेड टूर घेतली तर पैसे वाया जातात का. मी इथे नोकरीला आहे, मूळची कोल्हापूरची, आणि हे कॅथेड्रल मी तीन वेळा तीन प्रकारे बघितलंय म्हणून लिहिते.

पहिल्यांदा एकटी गेले. काहीही कळलं नाही. खरंच सांगते, आत अंधार, सगळीकडे संगमरवरी माणसं आडवी झोपलेली, ज्याला बघावं तो राजा, आणि नावं अशी की वाचता वाचता पुढचा माणूस मागून ढकलतो. वीस मिनिटांत बाहेर. दुसऱ्यांदा स्वस्तात मिळाली म्हणून मोठ्या ग्रुपची टूर घेतली, तीसेक माणसं, गाईड पुढे छत्री वर धरून चाललेली आणि माझ्या कानातलं मशीन निम्मा वेळ नुसतं खरखरत होतं. ती कबरीपाशी पोचून बोलून झालं की आम्ही मागचे तिथे पोचायचो. तिसऱ्यांदा आई आली होती तेव्हा सात-आठ जणांचा ग्रुप घेतला, आणि तेव्हा पहिल्यांदा मला ते कॅथेड्रल दिसलं असं म्हणायला हरकत नाही. तर माझं उत्तर : घ्या. पण आठ-दहाच्या वर माणसं असतील तर नका घेऊ, त्यापेक्षा आदल्या रात्री थोडं वाचून स्वतः गेलेलं बरं.

आता नेमकं काय मिळतं ते सांगते, कारण "गाईड छान माहिती देतो" हे काही उत्तर नाही.

दारातच सुरू होतं. आत शिरताना डाव्या बाजूला वर साखळीने मोठमोठी हाडं टांगलीयत. एकटी गेले तेव्हा मी त्यांच्या खालून निघून गेले, वर बघितलंसुद्धा नाही. लोक म्हणतात ही वावेलच्या ड्रॅगनची हाडं, आणि ज्या दिवशी ती खाली पडतील त्या दिवशी जगबुडी. प्रत्यक्षात मॅमथ, केसाळ गेंडा आणि देवमासा यांची आहेत. आईने लगेच विचारलं, मग साखळी कोण तपासतं? गाईड इतका हसला की पुढे दोन तास आमचं त्याच्याशी जमलंच. दारावर पण बघा, लोखंडी पत्र्यावर सगळीकडे एकच अक्षर आहे, के, वर मुकुट. ते काझिमिएश राजाचं. सध्याचं हे चर्च त्याच्या बापाच्या काळात १३२० ला बांधायला घेतलं आणि त्याच्या काळात १३६४ ला पूर्ण झालं. या जागेवरचं हे तिसरं, आधीची दोन गेली.

मध्यभागी चांदीची मोठी पेटी आहे, ती संत स्तानिस्लाव यांच्या अवशेषांची. हे इथले बिशप, राजाशी भांडण झालं आणि १०७९ मध्ये राजाने त्यांना मारलं. आणि मग पुढची कित्येक शतकं त्याच बिशपच्या पेटीसमोर पोलंडच्या राजांचे राज्याभिषेक झाले. राजधानी वॉर्सॉला गेली तरी मुकुट घालायला आणि पुरायला इथेच आणायचे. शेवटचा अभिषेक १७३४ चा. हे गाईडने पेटीसमोर उभं करून सांगितलं ना, तेव्हा त्या जागेचा अर्थ लागला, नाहीतर मी तिला "चांदीचं काहीतरी" म्हणून पास केलं होतं.

आईला सगळ्यात जास्त आवडली यादविगा. दहा वर्षांची असताना १३८४ मध्ये तिला गादीवर बसवलं, आणि राणी म्हणून नाही, चक्क राजा म्हणून, लॅटिन कागदात रेक्स. लग्न लिथुआनियाच्या यागिएलोशी, १३९९ मध्ये बाळंतपणानंतर गेली, पंचविशीत. तिची पांढरी संगमरवरी समाधी पुष्कळ नंतरची, १९०२ ची, पायाशी कुत्रा आहे. पण गंमत समाधीत नाही, शेजारी काचेत ठेवलेल्या राजदंडात आणि राजे हातात धरतात त्या गोळ्यात आहे. दोन्ही लाकडी, वरून सोनेरी मुलामा. तिने आपले दागिने इथल्या विद्यापीठासाठी देऊन टाकले म्हणून पुरताना तिच्याजवळ हे ठेवले. आई त्या काचेला नाक लावून उभी. "अगं हे लाकूड आहे? आणि पोरीने सोनं शाळेला दिलं?" शाळेला नाही गं विद्यापीठाला, म्हटलं. "तेच की." तिथून हलायलाच तयार नाही. मोठ्या ग्रुपमध्ये हे शक्यच नव्हतं, छत्री पुढे गेलेली असती.

बाकी थोडक्यात. झिग्मुंत चॅपल चुकवू नका, सोनेरी घुमटाचं तेच. १५१९ ते १५३३ या काळात बेरेच्ची नावाच्या फ्लॉरेन्सच्या माणसाने बांधलं, आणि पठ्ठ्याने घुमटाच्या अगदी टोकाशी आतून स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, जिथे देवाचं नाव असायला पाहिजे. खालून धड वाचताही येत नाही, म्हणजे नेमकं कुणासाठी कोरलं ते त्यालाच माहीत. बाहेर आल्यावर शेजारी शेजारी दोन सारखेच घुमट दिसतील, एक सोन्याचा आणि दुसरा नाही. दुसरं चॅपल व्हासा या नंतरच्या राजघराण्याचं, शेजाऱ्यासारखंच घर बांधायचं पण सोन्याचं बजेट नाही, असं माझं मत.

काझिमिएश चौथा याच्या कबरीबद्दल गाईडला नक्की विचारा. तांबूस दगडातला सुरकुतलेल्या चेहऱ्याचा म्हातारा राजा, फाईट श्टोस या शिल्पकाराचं काम. ही कबर १९७३ ला उघडली आणि तिथे काम केलेल्यांपैकी काहीजण पाठोपाठ गेले, लगेच शापाच्या गोष्टी सुरू झाल्या. नंतर अ‍ॅस्परजिलस या बुरशीकडे बोट दाखवलं गेलं. आमच्या गाईडने हे सांगितल्यावर ग्रुपमधल्या एका बाईने गुपचूप स्कार्फ नाकावर ओढला.

आता घंटा. झिग्मुंत नावाची घंटा, १५२० ची, वजन साडेबारा टनाच्या आसपास, ती हलवायला बारा माणसं लागतात आणि ठरावीक सणावारालाच वाजवतात. वर जायला सत्तरएक लाकडी पायऱ्या आहेत पण पायऱ्यांपेक्षा त्रास तुळयांचा, मध्ये मध्ये इतकं अरुंद की वाकून तिरकं होऊन जावं लागतं. बाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली बाकावर बसवा, गाईडला आधी सांगितलं तर छोट्या ग्रुपमध्ये कुणी कुरकुर करत नाही. वर गेलात तर घंटेच्या लोलकाला डावा हात लावायचा, इच्छा पूर्ण होते म्हणतात, आणि लग्नाळू मुलींनी तर लावायचाच. आईने माझा हात धरून लावला. विषय संपला.

शेवटी तळघर, राजांच्या शवपेट्या तिथे. सेंट लिओनार्ड नावाचं सगळ्यात जुनं तळघर जाड खांबांचं आहे, पोप जॉन पॉल दुसरे पाद्री झाल्यावर त्यांनी पहिला मास, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, तिथेच म्हटला, २ नोव्हेंबर १९४६. तिथे सोबिएस्की राजा आहे, १६८३ ला व्हिएन्नाला तुर्कांना हरवणारा, आणि कोश्चुश्को, रशियाविरुद्ध उठाव करणारा सेनानी. वेगळ्या तळघरात मित्सकिएविच आणि स्वोवात्स्की, हे दोघे कवी, दोघांनाही मरणानंतर कितीतरी वर्षांनी पॅरिसहून आणलं, १८९० आणि १९२७ ला. राजांच्या रांगेत कवी! आई म्हणाली आपल्याकडे कवीला फार तर चौक मिळतो.

आणि इथेच ते झालं ज्याच्यासाठी मी हे एवढं लांब लिहितेय. सिकोर्स्कींच्या शवपेटीपाशी गाईड थांबला. हे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या परागंदा सरकारचे पंतप्रधान, १९४३ ला जिब्राल्टरला विमान पडून गेले, इंग्लंडला पुरलं होतं, १९९३ ला इकडे आणलं. तो सांगत होता की १९४१ मध्ये यांनी रशियाशी करार केला म्हणून सायबेरियात नेऊन टाकलेले पोलिश लोक सुटले, बायकापोरं इराणमार्गे कुठे कुठे गेली, आफ्रिका, भारत. मी सहज म्हटलं, आम्ही कोल्हापूरच्या. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "वालिवादे?"

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश लोकांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दुकानं सगळं होतं. ते गेल्यावर तिथे फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहिले, आजचं गांधीनगर, जिथे आपण सगळे लग्नाचे कपडे घ्यायला जातो. आईच्या वडिलांनी ती पोलिश मुलं बघितली होती, मराठीत घासाघीस करून पेरू घ्यायची म्हणे. आईने हे तिथे तळघरात सांगितलं, मराठीत, आणि मी भाषांतर करत होते आणि तो गाईड ग्रुपमधल्या बाकीच्यांना सांगत होता. दहा मिनिटं टूर आमच्याकडेच होती. तीस माणसांत हे कसं झालं असतं सांगा.

काही खाचाखोचा. राजवाड्याचं तिकीट आणि कॅथेड्रलचं तिकीट वेगवेगळं आहे, टूर बुक करताना घंटा आणि तळघर त्यात आहे का हे विचारून घ्या, काही टूर नुसत्या अंगणात फिरवून "वावेल टूर" म्हणतात. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात, त्यामुळे रविवार टाळा. आत फोटो काढू देतात का ते आधी विचारा, खांदे झाकलेले हवेत, पुरुषांनी टोपी काढायची. तळघरातून थेट बाहेर निघतो म्हणून आतलं काही राहिलं असेल तर तळघराच्या आधी बघा. आणि राजवाड्याच्या अंगणाच्या एका कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून उभी असलेली माणसं दिसली तर दचकू नका, शंकराने जगात सात दगड फेकले त्यातला एक इथे पडला, इथे चक्र आहे अशी यांची समजूत आहे. राजवाडावाल्यांना ते अजिबात आवडत नाही. आईला कळल्यावर तिने मात्र पाया पडून घेतलं, म्हणाली आपलाच दगड आहे.

निघताना तिने गाईडला तिकिटाच्या मागे वळिवड्याला कसं जायचं ते लिहून दिलं, कोल्हापूर स्टँडवर उतर, गांधीनगरची केएमटी बस पकड, आणि जेवायला घरी ये, आणि हे सगळं मला इंग्रजीत सांगायला लावलं, केएमटीसकट.