वाचकांचे प्रश्न : कोपर नेमकं कुठं टेकवायचं?

ब्रेकिंगमध्ये (म्हणजे ब्रेकडान्समध्ये) नाचता नाचता शरीर एका क्षणी दगडासारखं थांबवतात, त्याला फ्रीझ म्हणतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक नव्यानं शिकणाऱ्यांची आहेत आणि त्यांतल्या निम्म्या तक्रारींचं मूळ एकच आहे : कोपर चुकीच्या जागी.

प्रश्न : तीन आठवडे बेबी फ्रीझ (दोन्ही हातांवर अंग तोलून डोकं टेकवायचा फ्रीझ) करतोय. पाय उचलले की एकतर पुढे डोक्यावर जातो, नाहीतर कुल्ल्यावर बसतो. हातात ताकद कमी आहे का? रोज किती जोर मारू? (महाविद्यालयीन विद्यार्थी, चिंचवड)

जोर अवश्य मारा, पण या फ्रीझसाठी नाही. वीस जोर मारणारा इथं पडतो आणि पाच मारणारा आरामात थांबतो, कारण बेबी फ्रीझमध्ये वजन दंडावर घ्यायचंच नसतं. ते हाडावर ठेवायचं असतं. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात खांबासारखा उभा आणि त्यावर शरीर ठेवलेलं. मयूरासनात दोन्ही कोपरं पोटात रुततात ते आठवा. ब्रेकिंगमध्ये या कोपर रोवण्याला ‘स्टॅब’ म्हणतात.

उजव्या बाजूनं करून पाहू. उकिडवे बसा, गुडघे समोर. आता फक्त कमरेच्या वरचं अंग उजवीकडे वळवा आणि दोन्ही तळवे उजव्या मांडीच्या बाहेर जमिनीवर ठेवा. उजवा तळवा कमरेच्या रेषेत, डावा तळवा गुडघ्याच्या रेषेत, मध्ये साधारण खांद्याइतकं अंतर. बोटं पसरलेली. उजवं कोपर कमरेच्या हाडाच्या किंचित वर आणि आत, पोटाच्या बाजूच्या मऊ भागात रोवा. डावं कोपर उजव्याच पायाच्या मांडीला बाहेरून, गुडघ्याच्या चार बोटं वर लावा. म्हणजे उजवी मांडी ही तुळई आणि तिच्याखाली दोन खांब. योगवर्गात पार्श्व बकासन केलं असेल तर ही रचना लगेच ओळखीची वाटेल.

आता दोन्ही कोपरं काटकोनात वाकवत पुढे झुका आणि डोकं जमिनीला लावा. दोन तळव्यांच्या रेषेपासून साधारण एक वीत पुढे. दोन हात आणि डोकं मिळून त्रिकोण झाला पाहिजे. तुमचा सगळा खेळ या त्रिकोणात आहे. डोकं हातांच्या रेषेतच टेकवलं तर त्रिकोण चपटा होतो आणि माणूस पुढे कोलमडतो. पाय जमिनीवर असतानाच वजन पुरेसं पुढे नेलं नाही, तर कुल्ल्यावर बसतो. म्हणजे तुमच्या पत्रातल्या दोन्ही पडण्यांना दोन वेगळी कारणं आहेत.

पाय उडी मारून उचलू नका. ही चूक जवळपास सगळे करतात. आधी वरचा, म्हणजे डावा पाय हलकेच उचला. मग वजन इतकं पुढे सरकवा की उजव्या पायाची बोटं आपोआप हलकी होतील. उडी मारावी लागते याचा अर्थ वजन अजून मागे आहे. वर गेल्यावर गुडघे छातीकडे घ्या, पाय लांबवायचा मोह नंतरसाठी ठेवा.

कोपर घसरून बरगडीत टोचतं का, तेही बघा. बरगडीवर स्टॅब दुखतो आणि टिकत नाही. सैल, गुळगुळीत टी-शर्टवर कोपर घसरतं, म्हणून तो आत खोचा. सुरुवातीला तीन सेकंद थांबणं पुरे. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा, आठवड्यातून तीन-चार दिवस.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा. घरी फरशीवर डोकं टेकवून काहीतरी करत असतो. मी खाली गादी घालते, तो काढून टाकतो. मान मोडली तर? (गृहिणी, सांगली)

ताई, गादीच्या बाबतीत मुलगा बरोबर आहे. मऊ गादीत तळवा रुततो, मनगट जास्त वाकतं आणि डोकं खोल गेल्यानं मान कोणत्याही दिशेला मुरडू शकते. प्लास्टिकची चटई किंवा सुटी सतरंजी तर फरशीवर सरकते, ती सगळ्यात वाईट. फरशीवर घट्ट बसणारी, बोटभरापेक्षा कमी जाडीची कडक फोमची मॅट चालेल. नुसती कोरडी लाकडी जमीन किंवा गुळगुळीत फरशीही चालते. डोक्याला लोकरीची कानटोपी घालू द्या, तिच्यानं केस ओढले जात नाहीत. आजूबाजूला दोन्ही हात पसरून फिरता येईल एवढी मोकळी जागा हवी. टीपॉयचा कोपरा मानेपेक्षा जास्त धोक्याचा आहे.

मानेची काळजी मात्र रास्त. बेबी फ्रीझमध्ये डोकं टेकलेलं असतं, पण त्यावर भार नसतो. परीक्षा सोपी आहे : डोक्याखाली कागदाचा तुकडा ठेवा आणि मुलगा फ्रीझमध्ये असताना तो ओढून बघा. सहज निघाला तर ठीक, अडकला तर वजन मानेवर आहे. टेकवायचा भाग म्हणजे कपाळाच्या वर केस सुरू होतात तिथला, किंचित बाजूचा. टाळू नव्हे, कानशील तर नव्हेच. शीर्षासनासारखा हेडस्टँड, डोक्यावर गिरक्या वगैरे गोष्टी शिकवणारं माणूस समोर असल्याशिवाय करू देऊ नका. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याला आपली मान वाकडी आहे हे कळत नाही. हाताला मुंग्या, मानेतून खांद्याकडे जाणारी कळ किंवा सरावानंतर टिकणारी डोकेदुखी असेल तर सराव बंद आणि डॉक्टर.

प्रश्न : फ्रीझ जमतात, पण दुसऱ्या दिवशी मनगटं धरतात. रिस्टबँड घेऊ का? (आयटी अभियंता, हिंजवडी)

बँडनं धीर येतो, फारसं दुसरं काही होत नाही. दिवसभर कीबोर्डवर असलेलं मनगट संध्याकाळी एकदम काटकोनात वाकवून त्यावर शरीर ठेवलं की ते तक्रार करणारच. पाच मिनिटं आधी द्या. मनगटं दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवा. मग गुडघ्यांवर ओणवे होऊन बोटं पुढे ठेवा आणि खांदे बोटांच्या पुढे जातील इतकं झुका. नंतर बोटं स्वतःच्या गुडघ्यांकडे करून मागे झुका. प्रत्येक ताण वीस-तीस सेकंद. शेवटी तळवा जमिनीवर ठेवून फक्त त्याची टाच, म्हणजे मनगटाकडचा भाग, उचलायची, बोटं खालीच, दहा वेळा. हा शेवटचा व्यायाम लोक गाळतात आणि नेमका तोच मनगट घडवतो.

फ्रीझमध्येही वजन तळव्याच्या टाचेवर टाकून बसू नका. बोटांची टोकं जमिनीत रोवा, जणू जमीन चिमटीत धरायची आहे. तोल पुढे जायला लागला की हीच बोटं ब्रेक लावतात.

दोन्ही मनगटांत बोथट दुखणं असेल तर दोन दिवस विश्रांती, आणि त्या दिवसांत पायांचं फुटवर्क नको, कारण त्यातही हात टेकतात. टॉपरॉक, म्हणजे उभ्यानं नाचायच्या चाली, करा. एकाच मनगटात, करंगळीच्या बाजूला, दार उघडताना मूठ फिरवली की कळ येत असेल तर त्यावर सराव करून ते बरं होणार नाही, दाखवून घ्या.

प्रश्न : चेअर फ्रीझमध्ये हात उलटा होतो तो सहनच होत नाही. बेबीनंतर हाच शिकायचा ना? (नृत्यवर्गातली विद्यार्थिनी, ठाणे)

हो, आणि अनेकांना तो बेबीपेक्षा सोपा जातो, कारण एक पाय जमिनीवरच असतो. अडतं ते खांद्याशी. उजव्या बाजूनं : जमिनीवर बसून उजवा तळवा कमरेच्या मागे ठेवा, बोटांची टोकं मागे, शरीरापासून दूर वळलेली. कोपर शेवटच्या बरगडीच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर, बाजूला पण जरा मागे रोवा. कण्याजवळ नको. मग अंग उजवीकडे कलतं करत डावा हात छातीवरून ओलांडून डोक्याजवळ टेकवा आणि कंबर उचला. एक तळपाय जमिनीवर सपाट, दुसऱ्या पायाचा घोटा त्या गुडघ्यावर. खुर्चीत पायावर पाय टाकून बसल्यासारखं दिसतं, नाव त्यावरूनच.

हात उलटा केल्यावर खांद्याच्या पुढच्या भागात ओढ बसत असेल, तर पाठीमागे दोन्ही तळवे टेकून बसायचं आणि कुल्ले हळूहळू हातांपासून पुढे सरकवायचे. दोन आठवडे रोज एक मिनिट. कंबर उचलताना कोपर निसटतं ते बहुधा हात शरीरापासून लांब राहिल्यामुळे. हात कमरेकडे नेऊ नका, कमरेला हाताच्या वर आणा.

पाय सुटायला लागला की तुम्ही एअर चेअरच्या, म्हणजे दोन्ही पाय हवेत असलेल्या चेअरच्या, वाटेवर आहात. पण ते वर्षभराचं काम समजा.

प्रश्न : फ्रीझ घरी दहा सेकंद टिकतो, सायफरमध्ये (नाचणाऱ्यांच्या रिंगणात) हसं होतं. का? (नाशिक)

कारण घरी तुम्ही फ्रीझ ‘लावता’, नाचता नाचता त्यात पोचत नाही. ब्रेकिंगचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, १९७०च्या दशकातला. डीजे कूल हर्क दोन तबकड्यांवर गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा, म्हणजे ब्रेक, लांबवायचा आणि पोरं त्या तुकड्यावर नाचायची. फ्रीझ हा त्या नाचातला पूर्णविराम. तो समेवर आला तर बघणारा ‘हा!’ करतो, अर्धी मात्रा उशिरा आला तर कितीही अवघड असला तरी तो पडल्यासारखाच दिसतो. तबल्याची तिहाई समेवर कशी आदळते हे ज्यानं ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा आठ मात्रा मोजा. एक ते सहा फुटवर्क, सातवर हात जागेवर, आठवर कोपर आत, आणि पुढच्या एकवर पाय वर. दोन मात्रा थांबलात तरी खूप. दहा सेकंद कोणी मागत नाही. आणि बाहेर पडायची वाट आधीच ठरवा. बेबी फ्रीझमधून पाय खाली घेत परत उकिडवं, तिथून फुटवर्क. बहुतेकांचं हसं फ्रीझमध्ये होत नाही, फ्रीझमधून उतरताना होतं.

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये फ्रीझला वेगळे गुण होते का? (कोल्हापूर)

नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तंत्र, चालींचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि स्वतःचं वेगळेपण या पाच निकषांना सारखंच वजन होतं. तिथं जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझर्ड यांनी सुवर्णपदकं घेतली. २०२८च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात ब्रेकिंग नाही.

प्रश्न : वय ४४, पोट सुटलेलं. हसू नका, पण शिकता येईल का? (बँक कर्मचारी, पणजी)

हसलो नाही. पोटाचा त्रास बेबी फ्रीझमध्ये खरंच होतो, वळायला जागा राहत नाही. तुम्ही चेअरपासून सुरुवात करा. त्यात वळण कमी आणि एक पाय खाली. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्याचं दुखणं असेल तर डोकं खाली जाणाऱ्या चाली सोडा. बाकी, जेवणानंतर तीन तास तरी कोपर पोटात रोवू नका.