गुरुवारचा आकडा अन् चाळीतला कांदा

प्रश्न : मी अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) आहे, थोडंफार शेअर मार्केटही करतो. दर गुरुवारी संध्याकाळी मोबाईलवर येतं की अमेरिकेत बेरोजगारी क्लेम्स वाढले, एवढ्या हजारांनी वाढले, अन् लगेच आमच्या ग्रुपवर मंदी आली मंदी आली सुरू. आमचा माल तिकडे जातो म्हणून पोटात गोळा येतो. किती घाबरायचं? आणि आपल्याकडे असा भत्ता मिळतो का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, आधी ग्रुप म्यूट करा.

तो आकडा म्हणजे आधीच्या शनिवारी संपलेल्या आठवड्यात तिकडे किती जणांनी बेरोजगारी भत्त्यासाठी नव्याने अर्ज टाकला तो. तिकडे सकाळचे साडेआठ, आपल्याकडे संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात सात. अर्ज केला म्हणजे मंजूर झालाच असं नाही, स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला तर बहुतेक वेळा मिळतच नाही, आणि ज्याची गेली पण अर्जच केला नाही तो ह्यात दिसतच नाही.

तुम्ही नाशिकचे, लासलगावच्या बाजारातली कांद्याची आवक बघता ना? दिवाळीत लिलाव बंद आणि उघडले की पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरची ही लाईन, म्हणून काय कांदा अचानक जास्त पिकला का? तिकडेही तसंच, सुट्टीच्या आठवड्यात अर्ज कमी, पुढच्या आठवड्यात जास्त. हे सणवार, सीझन हिशोबात धरून आकडा दुरुस्त करतात तरी थोडी गडबड राहतेच, आणि पुढच्या गुरुवारी मागचा आकडा बदलतातही. म्हणून मी चार आठवड्यांची सरासरीच बघतो.

आणि खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे, ज्याची बातमीत एक ओळ पण नसते. नवे अर्ज म्हणजे आवक, तर आधीपासून भत्ता घेणारे म्हणजे चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, पडलेला कांदा. हा आकडा एक आठवडा उशिरा येतो. आवक नेहमीसारखी आणि चाळ मात्र फुगत चाललीय, तर समजायचं की कंपन्या काढत नाहीयेत पण घेतही नाहीयेत. चाळ रिकामी झाली तरी लगेच खूश नका होऊ, माल विकला गेला की सडला ते बघावं लागतं. भत्ता बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त 26 आठवडे, काही ठिकाणी त्याहून कमी, तो संपला की माणूस नोकरी नसतानाही यादीतून बाहेर.

घाबरण्यासारखं म्हणाल तर एप्रिल 2020 मध्ये एका आठवड्यात 60 लाखांच्या वर अर्ज होते, त्याआधीचा विक्रम ऑक्टोबर 1982 चा, 6 लाख 95 हजार. अलीकडे दोन-अडीच लाखांच्या आसपास असतो, त्यात दहा-वीस हजार इकडेतिकडे म्हणजे लगेच मंदी नव्हे.

आपल्याकडे असा दर आठवड्याचा आकडा निघत नाही. भत्ता मात्र आहे बरं का, आणि कंपनीत निम्म्यांना माहीतच नसतो. ईएसआयसीची, म्हणजे कामगार विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 2018 पासूनची, आधी सरासरी रोजाच्या 25 टक्के मिळायचे, 2020 मध्ये 50 केले. जास्तीत जास्त 90 दिवस, अन् आयुष्यात एकदाच. नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी क्लेम करता येतो, गैरवर्तनावरून काढलं असेल तर नाही. योजनेची मुदत वाढवत वाढवत आणलीय, तेव्हा वेळ आलीच तर ईएसआयच्या ऑफिसात आधी तेवढं विचारून घ्या. आणि आज घरी गेल्यावर पगाराची स्लिप काढून बघा, ईएसआय कापतात का ते, पगार 21,000 च्या वर असेल तर बहुतेक कापत नसतील.