‘ब्लायटी’ म्हणजे आपलीच ‘विलायती’

पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश शिपाई मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हणत. पिकांवरच्या ‘ब्लाइट’ रोगाशी त्याचं नातं आहे का, असा प्रश्न आहे. नाही. शब्द हिंदुस्थानी आहे, ‘विलायती’.

मूळ अरबी ‘विलाया’ म्हणजे सत्ता, अंमल. त्यावरून अंमलाखालचा मुलूख. ‘वली’ (पालक, संत) हा शब्दही त्याच धातूतला. फारसीतून इकडे आल्यावर ‘विलायत’ परमुलखासाठी रुळला: आधी इराण, मध्य आशिया, मग युरोप आणि इंग्रजी अमलात मुख्यतः इंग्लंड.

उत्तरेत ‘व’चा ‘ब’ होऊन ‘बिलायती’ झालं. इंग्रजी जिभेने आघात ‘ला’वर दिला, त्यामुळे ‘बि’तला इकार गळाला, दंत्य ‘त’चा ‘ट’ झाला. लिहिताना ‘माइटी’च्या (mighty) वळणाने मूक ‘जीएच’ घुसले: Blighty. ब्लाइटचा संशय येतो तो या स्पेलिंगमुळेच. खरी गंमत व्याकरणात आहे. देशाचं नाव ‘विलायत’, ‘विलायती’ हे विशेषण. पण सोजिरांच्या कानावर ‘बिलायती पानी’ (सोडावॉटर) असली विशेषणंच जास्त पडत असणार. त्यांनी त्याचंच नाम करून टाकलं. आणि आपल्या लेखी जे परकं, तेच त्यांचं घर.

भारतातल्या गोऱ्या पलटणींचा हा शब्द १९१४ नंतर फ्रान्समधल्या खंदकांत सर्वतोमुखी झाला. तिथे त्याला आणखी एक अर्थ चिकटला: ‘ब्लायटी’ म्हणजे जीव न घेणारी, पण इंग्लंडला पाठवावंच लागेल इतपत जखम. किरकोळ जखमेचा उपयोग नव्हता. फ्रान्समधल्याच इस्पितळात बरं करून माणूस पुन्हा आघाडीवर जाई. हाड मोडलं, तर इस्पितळ-जहाजातून इंग्लिश खाडीपार जायची आशा. काही जण स्वतःच्या हातापायावर गोळी झाडत, पण जवळून झाडलेल्या गोळीने कातडीवर बंदुकीच्या दारूचे डाग उठत, डॉक्टर ते ओळखत आणि मग कोर्टमार्शल. जर्मन शिपायांचा याच अर्थाचा शब्द ‘हाइमाटशुस’, म्हणजे घरी नेणारी गोळी. मराठीत अनुवाद करताना अशी जखम नुसती ‘ब्लायटी’ ठेवली तर वाचक अडखळतो. ‘मायदेशी धाडणारी जखम’ म्हणावं.

त्याच युद्धात सहावी पुणे डिव्हिजन, मराठा पलटणींसह, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढत होती. बसरा हा तेव्हा तुर्की साम्राज्याचा प्रांत, आणि प्रांताला तुर्कीत शब्द ‘विलायेत’. म्हणजे तिथला गोरा शिपाई एका विलायतेत बसून दुसरीची वाट पाहत होता!

आज ‘ब्लायटी’ ब्रिटिशांच्याच तोंडी उरला आहे, तोही थट्टेत किंवा परदेशी राहणाऱ्यांच्या लाडिक बोलण्यात. गंभीर मजकुरात ‘ब्रिटन’साठी तो वापरू नये. आपल्याकडे ‘विलायत’ जुनाट वाटते, पण विशेषण टिकून आहे: विलायती दारू, विलायती चिंच. ही चिंच मात्र इंग्लंडची नव्हे, मेक्सिकोकडची.