वकील, वकिलात आणि उच्चायुक्त

कर्वेनगरच्या एका वाचकाने विचारलं आहे: कुळाच्या इतिहासात 'आमचे पूर्वज दरबारी वकील होते' असं लिहिलंय, पण तेव्हा काळा कोट होताच कुठे? शिवाय बातम्यांत कधी राजदूत येतो, कधी उच्चायुक्त. यातला मोठा कोण? आणि 'वकिलात' हा शब्द आज चालेल का?

आधी काळा कोट. वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस. मूळ शब्द अरबी, आपल्याकडे आला फारसीतून. अफझलखानाकडून महाराजांकडे आला तो कृष्णाजी भास्कर वकील, आणि महाराजांकडून गेले ते पंताजी गोपीनाथही वकीलच. अशा माणसाला जुन्या कागदांत 'हेजीब'ही म्हणतात. तो शब्द आता फक्त इतिहासाच्या अभ्यासकांपुरता उरला. पेशवाईत दिल्लीला हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे. ही माणसं तिथेच बिऱ्हाड करून राहत आणि दरबारात कोण कोणाशी कुजबुजलं ते पुण्याला लिहून पाठवत. पत्र पोचवून परत येतो तो जासूद. वकील राहतो, बोलतो, शब्द देतो. तुमचे पूर्वज या प्रकारचे असणार. कोर्टातला वकील हा याच शब्दाचा पुढचा अवतार, इंग्रजी अंमलात रूढ झालेला.

उलटही होतं. 1786 पासून पुण्यात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट होता, मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला. मराठ्यांच्या लेखी तो इंग्रजांचा वकील. संगमावरची ती रेसिडेन्सी 1817 च्या नोव्हेंबरात, खडकीच्या लढाईच्या दिवशी, मराठ्यांनी जाळली.

लांबच्या देशाचं म्हणाल तर राघोबादादांचे वकील थेट लंडनला गेले होते. हणमंतराव नावाचे ब्राह्मण, सोबत एक पारशी. 1781 मध्ये ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. राघोबांच्या राजकारणाबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण काचघरातली ती चूल डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता मोठा कोण. कोणीच नाही. गोंधळ 'आयुक्त' या शब्दाने होतो: आपल्याला महापालिकेचे आयुक्त माहीत, मग उच्चायुक्त म्हणजे त्यांच्याही वरचे कोणीतरी, असं वाटतं. खरी गोष्ट अशी की कॅनडाने 1880 मध्ये लंडनला आपला माणूस पाठवला, तेव्हा दोन्हीकडे राणी एकच. राणी स्वतःच स्वतःकडे राजदूत कसा पाठवणार? म्हणून हे वेगळं नाव. पुढे भारतासारखी प्रजासत्ताकंही राष्ट्रकुलात, म्हणजे मुख्यतः पूर्वी इंग्रजांच्या अंमलात असलेल्या देशांच्या संघटनेत आली, तरी या देशांनी एकमेकांकडे पाठवलेल्या माणसाचं हे नाव टिकलं. त्यामुळे ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आपले उच्चायुक्त, आणि डब्लिनला राजदूत, कारण आयर्लंड 1949 मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडलं. काम आणि मान तोच. फक्त कार्यालयाला एकीकडे उच्चायुक्तालय म्हणायचं, दुसरीकडे दूतावास. (माझ्या पिढीला राजदूत म्हटलं की आधी मोटारसायकलच आठवते, ते सोडा.)

राहिली वकिलात. बेलाशक वापरा. वकिली कोर्टात चालते, वकिलात परदेशात असते, इतका स्वच्छ फरक मराठीने एका प्रत्ययावर करून ठेवलाय. 'दूतावास' चुकीचा नाही, पण मला त्यातला दूत जरा पौराणिक वाटतो. यमदूत, देवदूत यांच्या रांगेतला. 'अमेरिकी वकिलातीसमोर व्हिसासाठी रांग' हे वाक्य जसं कानाला ओळखीचं लागतं, तसं दुसरं लागत नाही. मात्र सरकारी पत्र लिहीत असाल तर त्या कार्यालयाच्या पाटीवर जे असेल तेच लिहा, आणि मुंबईतल्या कचेऱ्या बहुतेक महावाणिज्य दूतावास (कॉन्सुलेट जनरल) आहेत, एवढं तपासून घ्या.